पदबंध आणि वाक्य : इंग्रजी व्याकरणातील एक सीमारेषा आणि मराठी वाचक

इंग्रजी व्याकरणाच्या शालेय पुस्तकांतून वाक्याची जी व्याख्या पिढ्यान्‌पिढ्या शिकविली गेली, तिचा गाभा एकच : ज्या शब्दसमूहातून पूर्ण अर्थ व्यक्त होतो ते वाक्य, आणि ज्यातून तो अपुरा राहतो तो पदबंध. ही व्याख्या सोपी आहे, मुखोद्गत होण्यासारखी आहे. मात्र ती कसोटीला उतरत नाही. तिच्यावर विसंबणाऱ्या मराठी वाचकाचे इंग्रजी गद्यपद्याच्या आस्वादात काही निश्चित नुकसान होते. ते कसे, हे पाहण्यापूर्वी ही सीमारेषा नेमकी कोठे आहे याचा शोध घेणे अवश्य आहे.

या व्याख्येचे मूळ अठराव्या शतकात आहे. रॉबर्ट लाउथ यांनी 1762 च्या आपल्या व्याकरणात शब्दांच्या योग्य मांडणीतून पूर्ण अर्थ सिद्ध होणे हे वाक्याचे लक्षण मानले. लिंडले मरे यांच्या 1795 च्या व्याकरणाने तेच लक्षण शाळाशाळांतून पोहोचविले. गंमत अशी, की या दोघांनीही पदबंधाविषयी लिहिताना तो बहुधा वाक्याचा भाग असतो, पण क्वचित संपूर्ण वाक्यही होऊ शकतो, अशी पुस्ती जोडून ठेवली आहे. म्हणजे सीमारेषा आखणाऱ्यांच्याच हातून ती पुसटही झाली. 1952 मध्ये चार्ल्स फ्राइझ यांना वाक्याच्या दोनशेहून अधिक व्याख्या अभ्यासकापुढे उभ्या असल्याची नोंद करावी लागली, यात म्हणून नवल नाही.

पूर्ण अर्थाची कसोटी दोन्ही बाजूंनी फसते. ‘ही डिड इट’ या तीन शब्दांतून कोणी, काय, केव्हा केले यांपैकी काहीच कळत नाही. तरीही हे निर्विवाद वाक्य आहे. उलट ‘द लास्ट ट्रेन फ्रॉम द ओल्ड स्टेशन नीअर द रिव्हर’ या रचनेत माहिती भरपूर आहे, डोळ्यांपुढे चित्रही उभे राहते. पण हा केवळ नामपदबंध होय. शब्दसंख्येचाही येथे संबंध नाही. ‘गो’ हे एकाच शब्दाचे आज्ञार्थी वाक्य आहे.

मग ‘द ट्रेन अरायव्हिंग लेट’ आणि ‘द ट्रेन अरायव्ह्ड लेट’ यांत भेद कशाचा? गाडी तीच, येणे तेच, उशीरही तोच. दुसऱ्या रचनेतील क्रियारूपाने काळ धारण केला आहे, पहिल्यातील धातुसाधिताने तो केलेला नाही, एवढाच. काळाची मुद्रा उमटताच उद्देश्याविषयी काही विधान केले जाते. ती नसेल तर उद्देश्याचे केवळ वर्णन होते. ऑटो येस्पर्सन यांनी 1924 च्या ‘द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर’ या ग्रंथात शब्दांच्या या दोन प्रकारच्या संबंधांना ‘जंक्शन’ आणि ‘नेक्सस’ अशी नावे दिली. ‘अ सिक चाइल्ड’ येथे विशेषण नामाला चिकटून एक वस्तू सिद्ध होते. ‘द चाइल्ड इज सिक’ येथे दोन गोष्टींमध्ये नवा संबंध घडतो. पहिला संबंध स्थिर आहे, दुसरा घटनारूप आहे. ‘दे वॉन्टेड द विंडो ओपन’ यातील ‘द विंडो ओपन’ या अंशात काळ नसतानाही विधानसंबंध आहे, हेही येस्पर्सन यांच्या विवेचनातून उलगडते. मात्र असा अंश इंग्रजीत दुसऱ्या वाक्याच्या आश्रयानेच राहतो. त्याला स्वतंत्र उभे राहता येत नाही.

काळयुक्त क्रियापद असले म्हणजे स्वतंत्र वाक्य झालेच, असेही नव्हे. ‘बिकॉज द ट्रेन अरायव्ह्ड लेट’ हे उपवाक्य आहे. याच कारणाने लेनर्ड ब्लूमफिल्ड यांनी 1933 मध्ये अर्थाचा प्रश्न बाजूला ठेवून, जी रचना व्याकरणदृष्ट्या आपल्याहून मोठ्या रचनेचा घटक नसते ते वाक्य, असे लक्षण केले. नोम चॉम्स्की यांनी 1957 मध्ये वाक्याची फोड नामपदबंध आणि क्रियापदबंध अशी केली. पुढे 1986 च्या ‘बॅरिअर्स’मध्ये तर वाक्य हाच एक पदबंध ठरला; त्याचे शीर्षस्थान क्रियापदाच्या काळ व पुरुष दर्शविणाऱ्या विकाराकडे गेले. शाळेत परस्परविरुद्ध म्हणून शिकविलेल्या दोन संज्ञा येथे एकाच जातीच्या ठरतात. भेद उरतो तो शीर्षस्थानी काय आहे याचा, आणि इंग्रजीपुरते त्याचे उत्तर पुन्हा ‘काळ’ हेच येते.

मराठीत स्थिती वेगळी आहे. ‘हे मोठे घर’ हा पदबंध आणि ‘हे घर मोठे’ हे वाक्य. मध्ये क्रियापद कोठेही नाही, काम केवळ क्रमाने भागते. ‘धिस हाउस बिग’ हे मात्र प्रमाण इंग्रजीत वाक्य होत नाही. नवशिक्या विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘माय फादर टीचर’ अशी रचना येते, तिचे कारण येथे आहे. अशा ठिकाणी क्रियापद अध्याहृत मानण्याची आपल्याकडील परंपरा जुनी आहे. कात्यायनाने वाक्यात एक तिङन्त असावे असे म्हटले आणि ‘अस्ति’ प्रत्यक्ष न योजले तरी ते असतेच, असेही नोंदविले. मराठीतही भूतकाळात ‘हे घर मोठे होते’ असे क्रियापद परत येते, त्यामुळे हा पक्ष अगदी निराधार म्हणता येत नाही. परंतु वाचकाच्या कानाला ‘हे घर मोठे’ यात काही उणे वाटत नाही, ही वस्तुस्थिती त्याने बदलत नाही.

आस्वादातील अडचण येथूनच सुरू होते. चार्ल्स डिकन्स यांची ‘ब्लीक हाउस’ ही कादंबरी 1852–53 मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्या आरंभीच्या परिच्छेदांत लंडनचे, चिखलाचे आणि धुक्याचे वर्णन येते. या वर्णनाच्या मुख्य वाक्यांतून काळयुक्त क्रियापद जवळजवळ हद्दपार झाले आहे. नामे आहेत, धातुसाधिते आहेत, आणि काळ केवळ गौण उपवाक्यांच्या आडोशाला आहे. इंग्रजी वाचकाला हे लांबलेले पदबंध अस्वस्थ करतात. काही घडत नाही, काळ पुढे सरकत नाही. चौथ्या परिच्छेदात धुके सर्वांत दाट होते, न्यायालय जवळ येते आणि तेथे ‘इज’ अवतरते. वर्षानुवर्षे न सरणाऱ्या दाव्याची ही कथा आहे. तिच्या उंबरठ्यावर काळच थोपवून धरण्याचे काम व्याकरणाने केले आहे. मराठीत ‘गावात शुकशुकाट’, ‘रस्त्यांवर चिखल’ ही साधी, रोजची वाक्ये. त्यामुळे शब्दशः अनुवादात अर्थ पोहोचतो, पण व्याकरणाचा हा ताण नाहीसा होतो. उलट प्रत्येक ठिकाणी ‘होते’ जोडणारा अनुवादक जे रोखून धरले होते तेच आधी देऊन टाकतो.

एझ्रा पाउंड यांच्या ‘इन अ स्टेशन ऑफ द मेट्रो’ या 1913 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कवितेत हा प्रश्न आणखी टोकदार होतो. दोन ओळी, चौदा शब्द, क्रियापद एकही नाही. शीर्षकदेखील पदबंधच. पहिली ओळ गर्दीतील चेहऱ्यांची, दुसरी फांदीवरील पाकळ्यांची, दोहोंमध्ये विरामचिन्ह. चेहरे पाकळ्या ‘आहेत’ असे कवी म्हणत नाही, पाकळ्यां‘सारखे’ आहेत असेही म्हणत नाही. इंग्रजीत शेजारी ठेवलेले दोन नामपदबंध आपोआप वाक्य होत नाहीत. ते नुसते समोरासमोर राहतात आणि संबंध जोडण्याचे काम वाचकाकडे येते.

मराठीत दोन नामे शेजारी आली की विधान होऊन बसते : ‘ते डोळे दिवे’. येथे अनुवादकाच्या मदतीला येते ते एक लहानसे रूप. ‘अंगणात मुले’ हे वाक्य आहे. ‘अंगणातली मुले’ हा पदबंध आहे. ‘झाडावर पक्षी’ आणि ‘झाडावरचे पक्षी’ यांतील भेदही तोच. इंग्रजी शब्दयोगी पदबंध नामामागून येऊन त्याला चिकटू शकतो. मराठीत तेच काम ‘-तला’, ‘-वरचा’ ही विशेषणरूपे नामाआधी येऊन करतात. तेव्हा पाउंड यांची रचना मराठीत पदबंध म्हणून टिकवायची असेल तर ‘गर्दीत’ चालणार नाही, ‘गर्दीतले’ हवे; ‘फांदीवर’ नव्हे, ‘फांदीवरच्या’. एवढे केल्यावरही दोन ओळींमधील विरामचिन्ह सांभाळावे लागतेच. ते गळाले तर दुसरी ओळ पहिलीचे विधेय होते, आणि त्याच्या जागी ‘जणू’ आले तर तिची उपमा होते.