पणजोबांच्या वाटेने सायकलवर
सावित्रीपासून वाशिष्ठीपर्यंत कच्च्या रस्त्यांची सफर

कोकणातल्या बहुतेक घरांसारखी आमचीही गावाची ओळख आता जीपच्या खिडकीपुरती उरली आहे. मुंबई-गोवा महामार्ग, मग वळणावळणाचा डांबरी रस्ता आणि शेवटी एकदम घराचे अंगण. मुले उतरतात तेव्हा अर्धवट झोपेत असतात. गेल्या ईदला चाचीने आमच्या मुलीला सहज विचारले, "तुझे पणजोबा मुंबईला कसे जायचे, माहीत आहे का गं?" मुलगी नववीत आहे. भूगोलात तिला चांगले गुण मिळतात, पण हे तिला सांगता आले नाही. खरे तर आम्हालाही नीट सांगता आले नाही.

दादाजान रात्रीच कंदील घेऊन निघत, सडा ओलांडून पहाटे दाभोळ बंदरात उतरत आणि मुंबईची आगबोट पकडत, एवढे ऐकून ठाऊक होते. पण त्या वाटेने आमच्यापैकी कोणी कधी गेले नव्हते. आम्ही नवरा-बायको दोघेही शिक्षक. दिवाळीच्या सुट्टीत ठरवले, या वेळी जीप नको. सायकलने जाऊ, आणि होईल तितके कच्च्या वाटांनी जाऊ. आम्ही दोघे, नववीतली मुलगी आणि सहावीतला मुलगा, असे चौघे निघालो.

खडीवरची सायकल

डांबरी रस्ता सोडून माती, मुरूम आणि खडीच्या रस्त्यांवर लांब पल्ल्याची सायकल चालवणे हा आता जगभर एक वेगळा प्रकार मानला जातो. त्याला 'ग्रॅव्हल सायकलिंग' म्हणतात. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एम्पोरिया गावाभोवतीच्या खडीच्या रस्त्यांवर २००६ साली २०० मैलांची शर्यत सुरू झाली. २०२२ मध्ये इटलीत या प्रकारची पहिली जागतिक स्पर्धा झाली. पण आम्हाला जास्त भावली ती इटलीच्याच टस्कनी भागातली 'लेरोइका' ही सायकलफेरी. १९९७ पासून ती चालते. तिथल्या जुन्या पांढऱ्या खडीच्या रस्त्यांवर डांबर पडू नये, ते वापरात राहावेत, हा तिच्यामागचा एक हेतू आहे.

या सायकलचे टायर रुंद असतात, साधारण ३८ ते ४५ मिलिमीटर, आणि त्यांत हवा थोडी कमी ठेवतात. कमी हवेचा टायर दगडावर उडत नाही, त्याला धरून चालतो. अशा खास सायकली महाग असतात. आम्ही घरच्याच साध्या गिअरच्या सायकलींना रुंद टायर बसवून घेतले आणि मुलाची डोंगरी सायकल होती तशीच घेतली.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आम्ही गेलो तो सगळा मार्ग कच्चा नाही. मुख्य रस्ते डांबरी आहेत. मधले सड्यावरचे, पाणंदीतले आणि किनाऱ्यावरचे तुकडे मातीचे किंवा खडीचे आहेत. रोज पंचवीस किलोमीटरच्या आसपास जायचे आणि दुपारी थांबायचे, असा बेत होता.

खाडी आणि किनारा

हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्यापर्यंत सायकली टेम्पोने नेल्या. तिथून फेरीबोटीने सावित्री ओलांडली की समोर वेश्वी. नदी ओलांडताच रायगड जिल्हा संपून रत्नागिरी जिल्हा सुरू होतो. जवळच्या टेकडीवर बाणकोटचा किल्ला आहे. इंग्रजांनी त्याला 'फोर्ट व्हिक्टोरिया' असे नाव दिले होते.

पहिला दिवस खाडीकाठचा. एका बाजूला कांदळवन, दुसऱ्या बाजूला डोंगराची कड. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि खेकडे पळताना दिसतात. पुढे वेळास. सागरी कासवे इथे अंडी घालायला येतात आणि गावकरी त्या अंड्यांची राखण करतात. आम्ही गेलो तेव्हा त्यांचा हंगाम नव्हता. मुलगा हिरमुसला, पण पाटीवरची माहिती त्याने वहीत उतरवून घेतली.

दुसऱ्या दिवशी केळशी. भारजा नदीच्या मुखाजवळ इथे वाळूची मोठी टेकडी आहे. गावात याकूब बाबांचा दर्गा आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी या स्थानाला इनाम दिल्याचे सांगितले जाते. केळशीपासून आडे, पाडले, आंजर्ले हा पट्टा नारळ-सुपारीच्या वाड्यांचा. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे आणि मधून सावलीची अरुंद वाट. आमच्या मुलीने सातवीनंतर सायकल जवळजवळ सोडलीच होती. शाळा, मग क्लास, मग घर आणि गॅलरीत उभी सायकल. आंजर्ल्याच्या वाटेवर ती पहिल्यांदा आमच्या पुढे गेली आणि मग मागे आलीच नाही.

हर्णैला मासळीचा लिलाव पाहिला, समुद्रातला सुवर्णदुर्ग पाहिला. मुरुड-कर्दे किनाऱ्यावर ओहोटीची वेळ साधून थेट वाळूवरून सायकली नेल्या. ओली वाळू घट्ट असते, चाक रुतत नाही. कोरड्या वाळूत मात्र उतरून ढकलण्याशिवाय इलाज नाही. मुक्कामी पोहोचताच सायकली गोड्या पाण्याने धुऊन साखळीला तेल दिले. खारे पाणी राहिले तर साखळी लवकर गंजते.

सडा

लाडघर, बुरोंडी सोडून कोळथऱ्याकडे निघालो आणि देखावाच बदलला. नारळाची सावली संपली. वर आला तो सडा: जांभ्या कातळाचे सपाट पठार, वाळलेले पिवळे गवत आणि दूरवर समुद्राची रेघ. शेकडो इंच नव्हे, पण वर्षाला शंभर इंचांहून जास्त पाऊस या भागावर पडतो. लाखो वर्षांच्या अशा पावसाने खडकातली सिलिका धुऊन जाते आणि लोह व अॅल्युमिनियम मागे उरते. त्यातून हा तांबडा, छिद्राछिद्रांचा दगड तयार होतो. जमिनीतून कापताना तो मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. म्हणून तर कोकणातली घरे चिऱ्याची. पावसाळ्यात याच कातळावर सीतेची आसवे आणि तेरडा फुलतो. आम्ही गेलो तेव्हा फक्त ऊन होते.

इथे आमची चूक झाली. सकाळी नाश्त्यात वेळ गेला आणि सड्यावर चढेपर्यंत अकरा वाजले. मातीवर चाकाची खूण राहते, कातळावर राहत नाही. तासाभरात वाट कुठे गेली ते कळेना. पाणी संपत आले. मुलगा एका दगडावर बसला आणि म्हणाला, "मी आता चालवणार नाही." त्याच्या तोंडाचा रंग पाहून आम्ही दोघेही मनातून घाबरलो. गवत कापणारी एक बाई लांबून आमच्याकडे पाहत होती. तिने आपल्या कॅनमधले पाणी मुलाला पाजले, त्याला गवताच्या भाऱ्याच्या सावलीत बसवले आणि आम्हाला म्हणाली, "मास्तर, गडग्याच्या कडेकडेने जा. गडगा सोडू नका." आम्ही मास्तर आहोत हे तिला कसे कळले, देव जाणे. पण त्या दिवशी शिकवले तिने.

दाभोळ आणि शेवटची वाट

चौथ्या दिवशी दाभोळला उतरलो. एके काळी हे पश्चिम किनाऱ्यावरचे नावाजलेले बंदर होते. १५०८ साली पोर्तुगीजांनी ते जाळले. बंदराजवळची आदिलशाही काळातली मशीद अजून उभी आहे. आख्यायिका अशी की, विजापूरची एक शहजादी मक्केला जायला निघाली, समुद्रात चाच्यांचे भय असल्याने इथे अडली आणि प्रवासासाठी आणलेल्या पैशांतून तिने ही मशीद बांधली. धक्क्यावर उभे राहून आम्ही मुलांना सांगितले, तुमचे पणजोबा इथूनच बोटीत बसत.

पाचव्या दिवशी पहाटे उजाडताच निघालो. दाभोळहून सड्यावर चढणारी पाखाडी अजून शाबूत आहे. जांभ्याच्या पायऱ्या, मध्ये झिजलेल्या. सायकली खांद्यावर घेऊन चढलो. वर मुरमाची गाडीवाट लागली. उतार आला. मुलगी नेहमीसारखी पुढे होती. अचानक तिने दोन्ही ब्रेक दाबले आणि ओरडली, "थांबा, पुढे येऊ नका!"

आम्ही सायकली टाकून धावलो. वाट तिथेच संपली होती. समोर चिऱ्याची खाण होती. सरळ कापलेल्या भिंती, खाली दोन माणसे बुडतील एवढे हिरवे पाणी. ना कुंपण, ना पाटी, ना एखादा आडवा दगड. मुलीचे पुढचे चाक कडेपासून हातभर अंतरावर होते. पलीकडच्या काठावर आमची वाट पुढे जाताना स्पष्ट दिसत होती. दादाजान कंदील घेऊन चालत ती वाट मधल्या मध्ये कापून काढलेली होती.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मुलगा म्हणाला, "अब्बा, आपले घर पण चिऱ्याचेच आहे ना?" खरे होते. दगड काढू नका असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणणार? पण काढल्यावर खड्ड्याला कुंपण घालायला आणि माणसांची जुनी वाट बाजूने वळवून द्यायला किती खर्च येतो? त्या वाटेने आता कोणी जात नाही, म्हणून कोणी विचारले नाही. आणि न जाणाऱ्यांत आम्हीही होतो.

खाणीला लांबून वळसा घालून दुपारपर्यंत गावात पोहोचलो. चाचीने सांदणं करून ठेवली होती. तिचा विश्वासच बसेना. "सड्यावरून आलात? त्या वाटेने आता कोण येतो!"

निघण्यापूर्वी

आमच्या चुकांतून शिकलेल्या चार गोष्टी सांगतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच जाऊ नका, शेवाळलेला कातळ फार घसरडा असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. सडा सकाळी नऊच्या आत ओलांडा आणि माणशी निदान दोन लिटर पाणी ठेवा, कारण वर पाणी मिळत नाही. अनोळखी वाटेवर, विशेषतः उतारावर, मोठ्या माणसाने पुढे राहावे आणि पुढचे दिसत नसेल तर उतरून चालावे. हे आम्ही केले नाही, मुलीच्या सावधपणाने निभावले. जादा ट्यूब, पंक्चरचे सामान आणि पंप जवळ ठेवा, आणि प्रत्येक वाडीत पुढची वाट विचारा. मोबाइलच्या नकाशावर पाखाड्या नसतात, चिरेखाणीही नसतात.

त्या रात्री मुलीने भूगोलाच्या वहीत आमच्या मार्गाचा नकाशा काढला. चाची शेजारी बसून तिला सांगत होती: इथे वडाचे झाड, इथे पाणवठा, इथे माणसे भाकरी खायला बसत. खाण आली तिथे मुलीने लाल पेनाने फुली मारली. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच नकाशाची प्रत जोडून, खाणीला कुंपण घालावे आणि वाट मोकळी करावी, असा अर्ज ग्रामपंचायतीत दिला. अर्जाखाली चाचीनेही सही केली. उत्तर यायचे आहे.

आपल्या घरात कोणी वडीलधारे असतील, तर त्यांना एकदा विचारून पाहा की ते शाळेला, बाजाराला, बंदराला कोणत्या वाटेने जात. सांगणारे आहेत तोवर वहीत लिहून घ्या. जमलेच तर सुट्टीत मुलांना घेऊन त्या वाटेने जाऊनही या. आमच्या मुलीची सायकल आता गॅलरीत नसते. क्लासला ती सायकलनेच जाते.