एका शिखराच्या वाट्याला बासष्ट नावं

२,९७७ हा आकडा वाचायला एक सेकंद लागतो आणि विसरायला त्याहून कमी. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात एवढी माणसं गेली. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरवर २,७५३, पेंटागॉनवर १८४ आणि पेनसिल्व्हेनियात शँक्सव्हिलजवळ कोसळलेल्या विमानातली ४०. प्रत्येकासाठी एकच मिनिट स्तब्ध उभं राहायचं म्हटलं, तर आज दुपारी बाराला उभा राहिलेला माणूस परवा दुपारी १ वाजून ३७ मिनिटांनी हलेल. मधल्या दोन रात्रींत झोप नाही, जेवण नाही.

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या न्यू हॅम्पशायरच्या डोंगरभटक्यांनी याच आकड्याला वेगळ्या बाजूनं हात घातला. हल्ला झाला मंगळवारी. त्याच आठवड्याच्या शनिवारी, १५ सप्टेंबरला, सहा जण एक मोठा झेंडा घेऊन माउंट लिबर्टीवर चढले. पुढच्या वर्षी ठरलं की एकच शिखर कशाला, सगळीच घेऊ. सगळी म्हणजे ४८. त्या राज्यात चार हजार फुटांवरची म्हणून गणली जाणारी शिखरं एवढीच आहेत. तेव्हापासून ११ सप्टेंबरच्या सुमाराच्या शनिवारी ४८ तुकड्या ४८ वाटांनी निघतात आणि दुपारी १२ ते २ या दोन तासांत सगळ्या माथ्यांवर एकाच वेळी झेंडे फडकतात.

आता २,९७७ ला ४८ नं भागून बघा. उत्तर ६२. दोन तासांना ६२ नं भागा, एकेका नावाच्या वाट्याला जवळपास दोन मिनिटं येतात. हे कुणी ठरवून केलेलं नाही. ४८ हा आकडा भूगोलानं दिला आणि दोन तास चढण्या-उतरण्याच्या सोयीनं. पण न्यूयॉर्कच्या स्मारकात दरवर्षी नावं वाचली जातात तेव्हा सगळी यादी संपायला चार तासांच्या आसपास लागतात, म्हणजे नावामागे पाचेक सेकंद. डोंगरावर दोन मिनिटं मिळतात. बासष्ट माणसं डोळ्यांसमोर आणता येतात. एसटीच्या गच्च भरलेल्या गाडीत तेवढी असतातच.

आपल्या ट्रेकरला या उंच्या ऐकून हसू येईल. कळसूबाई ५,४०० फूट. न्यू हॅम्पशायरच्या त्या यादीत तिचा नंबर चौथा लागला असता. वॉशिंग्टन (६,२८८), ॲडम्स आणि जेफरसन एवढीच तिच्या वर. लिबर्टी ४,४५९ फूट, म्हणजे आपल्या तोरण्यापेक्षा बुटकं. टेकमसेची तर २०१९ मध्ये लेझरनं नव्यानं मोजणी झाली आणि ते ३,९९५ फूट निघालं. पाच फुटांनी नापास! तरी यादीतून काढलेलं नाही, आणि बरंच केलं.

पण फुटांवर जाऊ नका. माउंट वॉशिंग्टनच्या माथ्यावर १२ एप्रिल १९३४ रोजी ताशी ३७२ किलोमीटर वेगाचा वारा मोजला गेला. जगातला हा विक्रम १९९६ पर्यंत टिकला, मग ऑस्ट्रेलियातल्या एका चक्रीवादळात मोडला. वर्षातले शंभरावर दिवस तिथं चक्रीवादळाच्या ताकदीचा वारा असतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की कापडावरचा दाब चौपट होतो. त्यामुळे झेंडा न्यायचा म्हणजे कापड घडी करून सॅकमध्ये टाकलं असं होत नाही. काठीचे तुकडे, ताणायच्या दोऱ्या, त्या धरायला माणसं, आणि वारा घोंघावत असताना दोन तास त्या काठीशी झटापट.

वॉशिंग्टनवर मात्र मोटाररस्ता जातो आणि १८६९ पासून दातेरी चाकांची रेल्वेही. तिथं झेंड्याखाली फोटो काढणाऱ्यांत निम्मे गाडीतून उतरलेले असले तरी नवल नाही. माझं मन जातं आउल्स हेडकडे. ४,०२५ फुटांचा हा डोंगर रानाच्या पोटात दडलेला आहे. जाऊन-येऊन सुमारे २९ किलोमीटरची पायपीट, त्यात शेवटचा चढ घसाऱ्यावरून, आणि वर पोचल्यावर दिसतं काय? फरची झाडं. दरी नाही, क्षितिज नाही. झेंडा दिसावा म्हणून काठी शेंड्यांच्या वर काढावी लागते, आणि तो पाहायला शेजारच्या शिखरावरून दुर्बीण लावणारा कुणी असेल तर असेल. अमेरिकेत झेंड्यांचा तुटवडा नाही, गाड्यांच्या शोरूमवरही ते अवाढव्य आकारात फडकत असतात. पण कुणी बघणार नाही अशा जागी २९ किलोमीटर चालून नेलेला झेंडा मी वेगळा धरतो.

अठ्ठेचाळीसही शिखरं एकाच माणसानं सलग पायी जोडायची ठरवली तर सुमारे २४० मैल पडतात, जवळपास मुंबई ते कोल्हापूर. चढाई ७५ ते ८० हजार फूट. समुद्रसपाटीपासून मोजलेले अडीच एव्हरेस्ट. हे सगळं ओझं एका दिवसात शेकडो पायांमध्ये वाटून घेतलं जातं.

चढण्याचा आणि त्या दिवसाचा संबंध नुसता प्रतीकाचा नाही. उत्तरेकडचा टॉवर १,३६८ फूट, दक्षिणेकडचा १,३६२. दोन्ही एकावर एक ठेवले तरी लिबर्टीची पायथ्यापासूनची चढाई त्यांना पुरून उरते. त्या सकाळी अग्निशमन दलाची माणसं अंगावर आणि खांद्यावर पंचवीसेक किलोचं सामान घेऊन जिने चढत होती. दलाचे एक बटालियन प्रमुख ऑरिओ पामर. दक्षिण टॉवरमध्ये चाळिसाव्या मजल्याच्या आसपासपर्यंत त्यांना लिफ्ट मिळाली, तिथून ते पायी ७८ व्या मजल्यावर पोचले. विमान धडकलं होतं ती जागा तिथूनच सुरू होत होती. वायरलेसवरून त्यांनी खाली परिस्थिती कळवली. ९ वाजून ५९ मिनिटांनी टॉवर कोसळला. दलाचे ३४३ जण त्या दिवशी गेले. पहिल्या धडकेपासून दुसरा टॉवर पडेपर्यंत १०२ मिनिटं लागली होती. झेंडे १२० मिनिटं फडकतात.

शिवाय २,९७७ हा आकडाही दिसतो तेवढा पक्का नाही. धुळीनं आणि विषारी धुरानं जडलेल्या आजारांत अग्निशमन दलाची माणसं मरत राहिली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांची संख्याही ३४३ वर पोचली. ती यात धरलेली नाहीत. दुसरीकडे, न्यूयॉर्कमध्ये मेलेल्यांपैकी सुमारे १,१०० जणांच्या अवशेषांची ओळख अजून पटलेली नाही. डीएनए तपासणी अजून चालू आहे, मधूनच एखाद-दुसरं नाव जुळतं. म्हणजे एका शिखराच्या वाट्याच्या बासष्ट नावांपैकी तेवीसेक अशी, की त्यांच्या घरच्यांच्या हाती काहीच आलेलं नाही.

टॉवरवर आदळलेली दोन्ही विमानं बॉस्टनहून उडाली होती. त्या शहरात आणि आसपास मराठी माणसं भरपूर आहेत, आणि फ्रँकोनिया नॉच ही खिंड तिथून मोटारीनं अडीच तासांच्या आत येते. लिबर्टीची वाट याच खिंडीतून चढते. पोरंबाळं बरोबर असतील तर टेकमसे घ्या, ते सोपं आहे. पुढच्या सप्टेंबरात पहाटे निघा, अंगभर गरम कपडे न्या, ऊन असलं तरी न्या, आणि बारा वाजायच्या आत माथा गाठा. काठी धरायला दोन हात तिथं कधीही जास्तीचे लागतात.