जैवविविधतेचा जमाखर्च

सिंधुदुर्ग जिल्ह्यात आंबोली येथे हिरण्यकेशी नदी जेथे उगम पावते, तेथे महादेवाचे मंदिर असून मंदिराजवळ पाण्याचे कुंड आहे. या कुंडात आढळणाऱ्या एका लहानशा माशाची २०२० मध्ये शास्त्राला नवी असलेली जात म्हणून नोंद झाली आणि नदीच्याच नावावरून त्याला ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असे नाव देण्यात आले. पुढे २०२१ मध्ये राज्य शासनाने तेथील २.११ हेक्टर क्षेत्र जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केले.

या माशाच्या रक्षणास किती पैसा लागेल, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याचे उत्तर सहजासहजी देता येणार नाही. येथे मोठे बांधकाम करावयाचे नाही. कुंडात साबणाचे पाणी जाऊ नये, बाहेरचे मासे कोणी आणून सोडू नयेत, झऱ्याला पाणी पुरविणारे वरच्या अंगाचे जंगल शाबूत राहावे, वर्षातून एकदोनदा माशांची मोजदाद व्हावी आणि येणाऱ्या भाविकांना व पर्यटकांना समजावून सांगणारे कोणी तेथे असावे, एवढीच काय ती गरज. परंतु यातील जंगल वन विभागाचे, पर्यटकांची व्यवस्था दुसऱ्या खात्याची, सांडपाणी ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत आणि कुंडाची देखभाल देवस्थानाच्या माणसांकडे, अशी वाटणी असते. खर्च थोडा, पण तो कोणत्या अंदाजपत्रकात, कोणत्या लेखाशीर्षाखाली घालावयाचा, हे ठरविणे मात्र अवघड. सबंध देशाच्या जैवविविधतेला लागणाऱ्या निधीचे नियोजन करताना तज्ज्ञांपुढे हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा राहतो.

जैवविविधतेसंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार १९९२ मध्ये रिओ दि जानिरो येथे सह्यांसाठी खुला झाला व १९९४ मध्ये भारताने त्यास मान्यता दिली. कराराच्या बैठकांत पैशाचा विषय आरंभापासून निघत असे. विकसनशील देश साहाय्य मागत आणि साहाय्य देणारे देश नेमकी गरज किती ते विचारीत. या विचारणेला आकड्यांनिशी उत्तर देण्याची पद्धतशीर तयारी फारच थोड्या देशांची होती. ही उणीव भरून काढण्यासाठी ऑक्टोबर २०१२ मध्ये हैदराबाद येथे झालेल्या अकराव्या परिषदेच्या वेळी संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने ‘बायोफिन’ हा जैवविविधता वित्त उपक्रम सुरू केला. भारतात हे काम चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणामार्फत हाती घेण्यात आले. नवी दिल्लीची राष्ट्रीय सार्वजनिक वित्त व धोरण संस्था आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था या दोन संस्थांचे तांत्रिक साहाय्य त्यास लाभले. एक संस्था सरकारी हिशेब जाणणारी, तर दुसरी वाघ, कासव आणि गवत जाणणारी. ही जोडी मुद्दाम जुळविलेली होती, कारण या कामात दोहोंपैकी एकाचेच ज्ञान असलेला मनुष्य चुकण्याचा संभव अधिक. राज्य पातळीवर ही पद्धत पडताळून पाहण्यासाठी महाराष्ट्राची निवड झाली होती, ही आपल्या दृष्टीने विशेष बाब होय.

कामाचा क्रम तसा सरळ आहे. प्रथम धोरणे व संस्था यांचा आढावा घ्यावयाचा, मग आजवर होत असलेला खर्च मोजावयाचा, त्यानंतर गरजेचा अंदाज बांधावयाचा आणि शेवटी दोहोंतील तफावत कशी भरून काढावी याचा आराखडा करावयाचा. यांपैकी दुसरी पायरी वाटते त्याहून पुष्कळच कठीण आहे.

सरकारी हिशेबात ‘जैवविविधता’ नावाचे स्वतंत्र मुख्य लेखाशीर्ष नाही. वनीकरण व वन्यजीवन यांसाठी २४०६, मृद व जलसंधारणासाठी २४०२, पशुसंवर्धनासाठी २४०३, मत्स्यव्यवसायासाठी २४०५, परिस्थितिकी व पर्यावरणासाठी ३४३५ अशी निरनिराळी शीर्षे आहेत. जैवविविधतेवरील खर्च या सर्वांत विखुरलेला असतो आणि कृषी, ग्रामविकास, आदिवासी विकास यांच्या योजनांतही तो दडलेला असतो. म्हणून प्रत्येक योजनेचा हेतू तपासून तिच्या खर्चापैकी किती भाग जैवविविधतेच्या नावे मांडावयाचा, हे टक्केवारीने ठरवावे लागते. समजा, एका गावतळ्यातील गाळ काढण्यासाठी दहा लाख रुपये खर्च झाले. पाणीसाठा वाढविणे हा मूळ हेतू. पण काठावरची पाणवनस्पती राखली, पक्ष्यांच्या विणीचा काळ टाळून काम केले, तर त्यातील काही अंश संवर्धनाचा धरता येईल. तेच तळे यंत्राने काठासकट खरवडून काढले तर एक पैसाही धरता येणार नाही. दोन्ही ठिकाणी लेखाशीर्ष एक, रक्कम एक आणि मोजमापे पुस्तिकेतील नोंदही जवळजवळ सारखीच. कागदावरून हा फरक ओळखणे शक्य नसते. त्यासाठी जागेवर जाऊन तळे पाहिलेला माणूस लागतो. शिवाय अंदाजपत्रकातील तरतूद, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन आकडे बहुधा एकमेकांशी जुळत नाहीत. पाहणी करावयाची ती तिसऱ्या आकड्याची.

असा आढावा घेतल्यानंतर जे चित्र दिसले, ते भारताने डिसेंबर २०१८ मध्ये सादर केलेल्या सहाव्या राष्ट्रीय अहवालात नमूद आहे. केंद्र व राज्ये यांच्या योजनांतून जैवविविधतेवर प्रत्यक्ष व अप्रत्यक्षपणे वर्षाला सुमारे ७०,००० कोटी रुपये खर्च होत होते, तर गरज सुमारे १,०९,००० कोटींची होती. म्हणजे वर्षाकाठी ३९,००० कोटींची तूट. यातील ‘अप्रत्यक्षपणे’ हा शब्द वाचकांनी नजरेआड करू नये. सत्तर हजार कोटी हा काही केवळ अभयारण्यांवर आणि वनरक्षकांच्या पगारावर होणारा खर्च नव्हे. अन्य हेतूंनी आखलेल्या योजनांचे वर सांगितलेल्या पद्धतीने काढलेले अंशही त्यात मिळविलेले आहेत.

गरजेचा आकडा काढताना राष्ट्रीय कृती आराखड्यातील प्रत्येक उद्दिष्टाची कामे पाडावी लागतात. प्रत्येक कामाचे परिमाण, दर व कालावधी ठरवावा लागतो. ही रीत आपल्या बांधकाम खात्याच्या अंदाजपत्रकासारखीच. फरक इतकाच की रस्त्याच्या खडीला दरसूची असते. माळढोक परत येण्याची दरसूची कोणाजवळ नसते.

माळढोकाचा उल्लेख येथे सहज आलेला नाही. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात या पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य घोषित झाले. एके काळी तेथील माळावर हमखास भेटणारा हा पक्षी आता क्वचितच दृष्टीस पडतो. त्याला हवा असतो उघडा माळ, त्यावरचे पवन्या-मारवेलसारखे गवत आणि दूरवर जाणारी नजर. काळवीट, खोकड, लांडगा आणि धनगरांची मेंढरे यांचाही आधार हाच माळ. परंतु आपल्या मनात ‘हिरवे’ म्हणजे ‘झाड’ असे समीकरण पक्के बसलेले आहे. माळावर खड्डे खणून झाडे लावली की खर्च संवर्धनाच्या खात्यावर पडतो, उद्दिष्टाचा तक्ता भरतो आणि माळाची मात्र हानी होते. खर्च संवर्धनाचा आणि परिणाम उलटा, अशी ही स्थिती आहे. तूट मोजताना असा खर्च जमेस धरावा की वजा करावा, याविषयी तज्ज्ञांनी निःसंकोचपणे बोलावयास हवे. प्रस्तुत लेखकाच्या मते तो वजाच केला पाहिजे.

ही बाब केवळ एका जिल्ह्यापुरती नाही. वनजमीन अन्य कामासाठी वळविताना वसूल होणाऱ्या रकमांच्या विनियोगासाठी २०१६ मध्ये भरपाई वनीकरण निधी अधिनियम संमत झाला व २०१८ पासून तो अमलात आला. जमा रकमेपैकी ९० टक्के राज्यांना आणि १० टक्के केंद्राकडे अशी विभागणी ठरली. ऑगस्ट २०१९ मध्ये सत्तावीस राज्यांना मिळून ४७,००० कोटींहून अधिक रक्कम हस्तांतरित करण्यात आली व महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातील ३,८०० कोटींवर रक्कम आली. एवढा मोठा आणि खात्रीचा स्रोत संवर्धनाच्या क्षेत्रात दुसरा दाखविणे कठीण. पण त्याच्या नावातच वनीकरण आहे. तेव्हा हा पैसा रोपवनाकडे ओढला जाणे स्वाभाविकच म्हणावे लागेल.

वित्त आयोगांच्या सूत्रातही असाच कल आढळतो. चौदाव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतील राज्यांचा हिस्सा ठरविताना वनाच्छादनाला ७.५ टक्के भार दिला. पंधराव्याने २०२६ पर्यंतच्या काळासाठी ‘वने व परिस्थितिकी’ या निकषाचा भार १० टक्क्यांवर नेला. जंगल राखणाऱ्या राज्याला त्याचा मोबदला देणारी ही तरतूद मोठ्या दूरदृष्टीची आहे, यात संशय नाही. मात्र या निकषात मोजले जाते ते दाट जंगल. दख्खनचा माळ, कोकणचा कातळसडा, पाणथळ जागा आणि समुद्र यांना त्यात स्थान नाही. ज्या राज्याचा मोठा भूभाग अवर्षणप्रवण आहे आणि ज्याला ७०० किलोमीटरहून अधिक लांबीचा किनारा आहे, त्या राज्याच्या दृष्टीने हे सूत्र अपुरेच ठरते. निकष सुचविणाऱ्या तज्ज्ञाचे एखादे वाक्य हजारो कोटींची दिशा ठरवीत असते, ते असे.

तूट भरून काढावयाची म्हणजे केवळ नवीन पैसा आणावयाचा, असे मात्र नव्हे. नवे उत्पन्न मिळविणे हा एक मार्ग झाला. असलेला खर्च योग्य दिशेला वळविणे, आज थोडे खर्चून उद्याचा मोठा खर्च टाळणे आणि मिळालेल्या रुपयाचे अधिक चांगले फळ पदरात पाडणे, हेही मार्ग तितकेच महत्त्वाचे आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये मॉन्ट्रियल येथे ठरलेल्या जागतिक आराखड्यात २०३० पर्यंत सर्व मार्गांनी वर्षाला २०० अब्ज डॉलर उभारण्याचे उद्दिष्ट आहे. त्याच आराखड्यात जैवविविधतेला घातक ठरणारी अनुदाने वर्षाला ५०० अब्ज डॉलरने कमी करावीत, असेही म्हटले आहे. दुसरा आकडा पहिल्याच्या अडीच पट आहे, हे ध्यानात घ्यावे.

थोड्या पैशात काम कसे साधते याचे उत्तम उदाहरण आपल्या किनाऱ्यावरच आहे. व्हेल शार्क, समुद्री कासव, डॉल्फिन असे संरक्षित प्राणी मच्छीमाराच्या जाळ्यात अडकले, तर त्यांना सोडविण्यासाठी जाळे कापावे लागते. जाळे म्हणजे त्या कुटुंबाची पोटापाण्याची मिळकत. डिसेंबर २०१८ मध्ये राज्याने अशा वेळी कापलेल्या जाळ्याची २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना सुरू केली. कायद्याने तो प्राणी आधीपासूनच संरक्षित होता. कमतरता होती ती जाळ्याच्या किमतीची.

नव्या उत्पन्नाच्या मार्गांपैकी ज्यावर सर्वाधिक आशा ठेवण्यात आली, तो म्हणजे लाभवाटपाचा. जैविक विविधता अधिनियम, २००२ चे तत्त्व असे की, वनस्पती किंवा अन्य जैविक साधने व्यापारासाठी वापरणाऱ्याने मिळालेल्या लाभाचा अंश ती जतन करणाऱ्या लोकांना द्यावा. केरळातील काणी आदिवासींच्या ‘आरोग्यपच्चा’ या वनस्पतीविषयीच्या ज्ञानातून नव्वदीच्या दशकात ‘जीवनी’ हे औषध तयार झाले आणि त्याच्या परवाना शुल्कात व स्वामित्वशुल्कात काणींच्या न्यासाला निम्मा वाटा मिळाला. कायदा होण्यापूर्वीचे हे उदाहरण आजही सांगितले जाते. २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत उत्पादनाच्या विक्रीवर ०.१ ते ०.५ टक्के असा दर होता. देशी कंपन्यांनाही हे दायित्व लागू आहे, असा निर्णय उत्तराखंड उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला. पुढे २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन काही वर्गांना सूट मिळाली व २०२५ मध्ये नवे विनियम आले.

तत्त्व निर्विवाद असले तरी अंमलबजावणीत एक गाठ आहे. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात आदिवासी कुटुंबे हिरडा गोळा करतात. तो व्यापाऱ्याकडे जातो, तेथे अनेक गावांचा माल एकत्र होतो आणि पुढे तो कारखान्यात पोहोचतो. कारखान्याने पैसे भरले तरी ते कोणत्या गावाचे, हे सांगणारी पावती वाटेत कोठेच तयार झालेली नसते. ही पावती कोणी व कोठे फाडावी, हा प्रश्न क्षुल्लक भासेल; पण तो सुटल्याखेरीज गोळा झालेला निधी हिरडा वेचणाऱ्याच्या गावापर्यंत पोहोचणार नाही.

आपल्या राज्याने २०२२ मध्ये महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पास मान्यता दिली, तेव्हा पाच वर्षांसाठी १७२.३९ कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली. सागरी जैवविविधता, स्थानिक पिकांची वाणे, देशी गुरांच्या जाती, गोड्या पाण्यातील जीव, गवताळ व चराऊ प्रदेश, वनहक्क क्षेत्रांचे व्यवस्थापन आणि वनक्षेत्रांचे पुनरुज्जीवन असे सात विषय त्यात आहेत. वर्षाला सरासरी साडेचौतीस कोटी ही रक्कम मोठी नाही. तथापि माळाला, बियाण्याला आणि देशी गुरांना स्वतंत्र विषय म्हणून त्यात स्थान मिळाले, ही समाधानाची गोष्ट आहे.

उरतो प्रश्न गावाचा. देशात अडीच लाखांहून अधिक जैवविविधता व्यवस्थापन समित्या स्थापन झाल्या असून लोकजैवविविधता नोंदवह्याही तयार झाल्या आहेत. कायद्यात स्थानिक जैवविविधता निधीची तरतूद आहे. पण नोंदवही कपाटात आणि ग्रामपंचायतीचा वार्षिक विकास आराखडा टेबलावर, अशी स्थिती असेल तर निधीचे खाते रिकामेच राहणार. नोंदवहीत ‘या डोहात पूर्वी वाम मिळत असे’ असे एक वाक्य असते. त्याचे आराखड्यातील कलमांत रूपांतर करावे लागते: विणीच्या महिन्यांत डोहात मासेमारी बंद, त्यासाठी एका राखणदाराची तेवढ्या महिन्यांची मजुरी, काठावर एक फलक, वरच्या ओढ्यावरच्या दोन घाणीच्या नाल्यांना शोषखड्डे आणि तीन वर्षांनी पुन्हा मोजदाद. परिमाण, दर, रक्कम. ग्रामसभेपुढे हा कागद ठेवण्यास ग्रामसेवक आणि गावातील जुना मासेमार, दोघांनी एकत्र बसून एक दुपार खर्च केली तरी पुरे.