लपविलेलें पोलादी पिस्तूल आणि त्याचें वजन

जुन्या शस्त्रांच्या व कागदपत्रांच्या संग्राहकांत एक आक्षेप वारंवार ऐकूं येतो. एखाद्या जबानींत किंवा आठवणींत अमक्यानें पिस्तूल कपड्यांत लपवून नेलें असा मजकूर आला, कीं कोणी तरी म्हणतो, ‘त्या काळचीं पिस्तुलें सबंध पोलादाचीं; इतकें जड शस्त्र अंगावर लपेल कसें?’ आणि तेवढ्यावरच ती जबानी संशयास्पद ठरते. आक्षेप वरवर सयुक्तिक दिसतो. परंतु तो खरा मानला, तर विसाव्या शतकाच्या आरंभींच्या कित्येक प्रकरणांतील साक्षी आपणांस टाकून द्याव्या लागतील. म्हणून त्या आक्षेपाचेंच वजन करून पाहणें इष्ट आहे.

प्रथम नांवाचा विचार करूं. कागदपत्रांत ‘ब्राउनिंग पिस्तूल’ एवढाच उल्लेख बहुधा असतो. जॉन मोझेस ब्राउनिंग (१८५५–१९२६) हा अमेरिकन कारागीर. त्यानें योजिलेलीं पिस्तुलें बेल्जममधील लीएज शहराजवळच्या हर्स्टाल येथील कारखान्यांत तयार होत. इ. स. १९०९ पूर्वीं त्या कारखान्याचे तीन नमुने प्रचारांत होते. १९०० च्या नमुन्याचें रिकामें वजन सुमारें ६२५ ग्रॅम, १९०३ च्या नमुन्याचें सुमारें ९३०, व १९०६ च्या लहान नमुन्याचें सुमारें ३५०. आपल्या जुन्या मापांत सांगावयाचें, तर ऐंशीं तोळ्यांच्या शेरानें पहिलें पाऊण शेराहून कमी, दुसरें जवळजवळ पुरा शेर, आणि तिसरें दीड पावशेर. एकाच नांवाखालीं अडीच पटींहून अधिक अंतर आहे. तेव्हां ‘ब्राउनिंग म्हणजे जड’ किंवा ‘ब्राउनिंग म्हणजे हलकें’ हीं दोन्ही विधानें निराधार होत.

आतां एक प्रत्यक्ष प्रसंग घेऊं. ता. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिक येथें विजयानंद नाट्यगृहांत ‘शारदा’ नाटकाच्या वेळीं अनंत कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. जॅक्सन हे संस्कृताचे व्यासंगी म्हणून ‘पंडित’ या उपपदानें ओळखले जात; बदली झाल्यामुळें त्यांच्या निरोपाचा तो समारंभ होता. कान्हेरे, कर्वे व देशपांडे या तिघांस ता. १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत फांशी झाली. विनायक दामोदर सावरकर यांनीं लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुलें धाडलीं, तीं पेटीच्या दुहेरी तळांत दडविलेलीं होतीं, व नाशिकचें पिस्तूल त्यांपैकींच होतें, असें सरकारपक्षाचें म्हणणें होतें.

येथें वजनाचा प्रश्न दोन ठिकाणीं उद्भवतो, आणि दोन्ही ठिकाणीं त्याचें स्वरूप भिन्न आहे. पेटीच्या बाबतींत वजन खरोखर महत्त्वाचें. वीस पिस्तुलें लहान नमुन्याचीं धरलीं तर ७ किलोग्रॅम, १९०० च्या नमुन्याचीं धरलीं तर साडेबारा, आणि १९०३ च्या नमुन्याचीं धरलीं तर साडेअठरा किलोग्रॅमांहून अधिक भरतात, काडतुसें निराळीं. पेटी उचलणाऱ्या हमालाच्या हातास हा फरक कळावा इतका तो मोठा आहे. परंतु नाट्यगृहांत जाणाऱ्या एका मनुष्याजवळच्या एका पिस्तुलाची गोष्ट वेगळी. तेथें पाहणाऱ्यास वजन दिसत नाहीं. दिसतो तो आकार, आणि वजनानें कापडास पडणारी ओढ. डिसेंबरांतल्या नाशिकच्या थंडींत अंगांत कोट असणें हें कोणास नवल वाटण्याजोगें नव्हतें.

ही ओढ कशी पडते हें पाहण्यासाठीं मीं घरींच एक साधा प्रयोग केला. वाण्याकडून अर्धा किलोचें व शंभर ग्रॅमचें अशीं दोन लोखंडी वजनें आणून फडक्यांत घट्ट बांधिलीं. तें गाठोडें सुती कोटाच्या खिशांत टाकतांच कोटाची ती बाजू खालीं ओढली गेली, व चालतांना तें मांडीवर आपटूं लागलें. घरच्या मंडळींनीं तात्काळ विचारलें, ‘खिशांत काय आहे?’ दुसऱ्या दिवशीं तेंच गाठोडें उपरण्यानें कमरेशीं आवळून वर कोट घातला. दोन तास घरांत वावरलों, तरी कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. मात्र बसतांना तें बोंचत होतें. वजन तेंच, मनुष्य तोच. फरक काय तो बांधण्याच्या रीतीचा.

प्राचीनांस ही गोष्ट ठाऊक होती. कौटिलीय अर्थशास्त्राचा ग्रंथ म्हैसूर येथें शामशास्त्री यांनीं १९०९ सालींच प्रसिद्ध केला, हा एक योगायोग. त्यांत राणीच्या महालांत जाणाऱ्या राजानें सावध असावें म्हणून जीं उदाहरणें दिलीं आहेत, त्यांत वेणींत शस्त्र दडवून विदूरथाचा वध करणाऱ्या राणीचें एक आहे. शस्त्र वेणींत मावतें तें त्याच्या आकारामुळें. याहून बोधक दाखला प्रतापगडचा. ता. १० नोव्हेंबर १६५९ च्या भेटींत महाराजांजवळ बिचवा व वाघनख असल्याचें सभासद लिहितो. तीं तर लहान शस्त्रें. परंतु कांहीं बखरींत अंगरख्याखालच्या चिलखताचाहि उल्लेख आहे, आणि लोखंडी कड्यांचें चिलखत कोणत्याहि पिस्तुलाच्या अनेक पट जड असतें. तें लपतें कसें? तर त्याचा भार सबंध अंगावर वांटला जातो, आणि कोठेंहि उंचवटा येत नाहीं म्हणून.

याच न्यायानें पिस्तुलाची जाडी ही वजनाहून अधिक विचारांत घ्यावी लागते. त्या काळच्या वेब्ले बनावटीच्या लष्करी रिव्हॉल्व्हराचें वजन एक किलोग्रॅमच्या वर असे. पण लपविण्यास खरी अडचण होती ती काडतुसांच्या गोल फिरत्या चक्राची. ब्राउनिंगचें १९०० चें पिस्तूल दोन्ही बाजूंनीं चपटें, काडतुसें मुठींत, एकावर एक. त्याच नमुन्यानें १९०४ सालीं हेलसिंकी येथें शाउमान यानें रशियाचा गव्हर्नर-जनरल बोब्रिकोव्ह यास, आणि ता. २६ ऑक्टोबर १९०९ रोजीं हार्बिनच्या स्टेशनावर आन जुंग-गुन यानें जपानचे इतो हिरोबुमी यांस मारलें. पहिली घटना उन्हाळ्यांतली, जून महिन्यांतली, हें विशेष ध्यानांत घेण्यासारखें आहे.

तर मग पोलादाच्या जडपणास कांहींच अर्थ नाहीं काय? आहे, पण तो लपण्यापेक्षां बाळगण्याविषयीं आहे. तासाभरासाठीं जवळ ठेवलेलें शस्त्र आणि रोज सकाळपासून रात्रीपर्यंत कमरेस वागविलेलें शस्त्र यांत महदंतर आहे. दुसऱ्या प्रकारांत पावशेराचा फरकहि महिन्याभरांत पाठीस जाणवतो. उलट, गोळी सुटतांना हातास बसणारा हिसका जड शस्त्रांत कमी असतो, हा जडपणाचा गुणहि विसरतां येत नाहीं.

आजच्या हलक्या शस्त्रांकडे बोट दाखवून जुन्यांस जड म्हणणाऱ्यांनीं आणखी एक तुलना करावी. ऑस्ट्रियांतील ग्लॉक १७ हें १९८२ पासूनचें पिस्तूल. त्याचा सांगाडा प्लॅस्टिकच्या जातीच्या द्रव्याचा आहे. त्याचें रिकामें वजन सुमारें ६२५ ग्रॅम, म्हणजे १९०० च्या सबंध पोलादी ब्राउनिंगइतकेंच. भरल्यावर तर तें ९०० ग्रॅमांच्या वर जातें, कारण त्यांत अधिक जोरदार अशीं सतरा काडतुसें राहतात; ब्राउनिंगांत सातच. जुनें पिस्तूल पोलादी असूनहि हलकें राहिलें, तें आटोपशीर व कमी जोराच्या काडतुसाचें म्हणून. धातूच्या नांवावरून वजनाचा तर्क करणें किती धोक्याचें, हें यावरून कळेल.

सारांश, ‘पोलादी म्हणून जड, जड म्हणून लपणें अशक्य’ या अनुमानांतील दोन्ही पायऱ्या ढिल्या आहेत. साक्ष खोटी ठरवावयाची असेल, तर तिला दुसरा पुरावा हवा. आणि खरी ठरवावयाची असेल तरीहि तोच नियम लागू आहे. संग्राहकांस विनंति एवढीच, कीं जुनें पिस्तूल नोंदवितांना नुसतें ‘ब्राउनिंग’ असें लिहून थांबूं नये. नमुना, क्रमांक, लांबी, जाडी आणि रिकामें व भरलेलें वजन हीं अवश्य टिपावीं. व कागदपत्रांत तें शस्त्र कोणत्या ऋतूंत, कोणत्या पोशाखांत व किती वेळ जवळ होतें याचा उल्लेख सांपडल्यास तोहि शेजारीं उतरून ठेवावा. पुढील अभ्यासकास तराजू आणि कागद हे दोन्ही हाताशीं मिळतील. इत्यलम्।