बाई, तुमी उद्या येसान का?

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर आपले नांदगाव पेठ आहे. इथे कोणाचे वडील एमआयडीसीतल्या कापडाच्या कारखान्यात पाळीवर जातात, तर कोणाची आई निंदायला, कापूस वेचायला वावरात जाते. मुले शाळेत. अशा एखाद्या शाळेतील सहावीचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. नेहमीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर आहेत. त्यांच्या जागी आपल्याच समाजातील, डी.एड. झालेली मुलगी पहिल्यांदा वर्गावर येते. मागून शिट्टी वाजते. कोणी मांजराचा आवाज काढतो. दप्तरांची फेकाफेक सुरू होते. आणि पुढच्या बाकावरची एक पोर हळूच विचारते, "बाई, तुमी उद्या येसान का?"

वर्गातल्या गोंधळाचे मूळ या प्रश्नात आहे. चार दिवसांनी जाणाऱ्या माणसाचे कशाला ऐकायचे, असे लेकरांना वाटते. त्यात त्यांचा एकट्यांचा दोष नाही. आपण मोठी माणसेही घरी सहज म्हणून जातो, "त्या बाई का, त्या तर तात्पुरत्या आहेत."

पण वाया गेलेला तास सर्वांना सारखा महाग पडत नाही. ज्याच्या घरी शिकवणी आहे, शिकलेले आईबाप आहेत, त्याचे नुकसान संध्याकाळी भरून निघते. कामगाराच्या लेकराला शाळेचा तास हाच एक आधार. आणि बदली शिक्षक आता नवलाचे राहिले नाहीत. २०२३ साली शासनाने जिल्हा परिषद शाळांतील रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना महिना २०,००० रुपये मानधनावर तात्पुरते नेमण्याचे ठरविले होते. रजा, निवडणूक, जनगणना ही कारणे तर आहेतच.

परमपूज्य बाबासाहेबही नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२०, असे सोळाच महिने मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. सुरुवातीला विद्यार्थ्यांनी या 'अस्पृश्य' प्राध्यापकाकडे फारसे लक्ष दिले नाही. सहकाऱ्यांपैकी काहींनी तर पाण्याच्या भांड्यावरून हरकत घेतली. बाबासाहेबांनी आवाज चढविला नाही. त्यांनी तयारी केली. पुढे त्यांचे अर्थशास्त्राचे तास ऐकायला दुसऱ्या कॉलेजांतील विद्यार्थीही येऊन बसू लागले. थोडे दिवस असणाऱ्याने वर्ग कसा जिंकावा, याचा यापेक्षा चांगला धडा कोणता?

म्हणून आमच्या भगिनींनो आणि बंधूंनो, बदलीवर जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. घंटेच्या आधी वर्गात पोहोचा. आजचे काम फळ्यावर लिहून ठेवा, म्हणजे पोरांना पहिल्या मिनिटापासून हाताला काम मिळेल. पहिल्याच दिवशी दहा नावे पाठ करा. "ए मुला" म्हटल्याने जो ऐकत नाही, तो नावाने हाक मारल्यावर वळून पाहतो. गलका वाढला तर आपण ओरडू नये, थांबावे, मग हळू बोलावे. सर्वांत दंगेखोर पोराला वह्या वाटण्याचे काम द्यावे आणि जवळून पाहावे. पुष्कळदा त्याला वाचताच येत नसते. आपले नाव पुकारले जाऊ नये म्हणून तो गोंधळ घालतो. त्याला चारचौघांत वाचायला न लावता बाजूला घेऊन दोन ओळी वाचून घ्या. आणि छडी? शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने मारणे आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. "तुम्ही वस्तीतली पोरं अशीच" हे वाक्यही छळच आहे. ते आपल्यापैकी कितीतरी जणांनी लहानपणी ऐकले आहे. आपल्या तोंडून ते निघता कामा नये.

आईवडिलांचेही काम आहे. संध्याकाळी लेकराला विचारा, "नव्या बाईंनी आज काय शिकवलं?" वही उघडून पाहा. अक्षर वाचता आले नाही तरी पान भरले की कोरे, हे कळते. पान रोज कोरे दिसत असेल तर शाळा व्यवस्थापन समितीकडे जा. सरकारी व अनुदानित शाळांच्या या समितीत, त्याच कायद्याप्रमाणे, किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा आहेत. बाई रजेवर गेल्या तर वर्ग कोण घेणार, हे तिथे विचारणे हा आपला हक्क आहे. पाळी चुकवून जाता येत नसेल, तर शेजारच्या ताईला सांगून पाठवा.

त्या पोरीच्या प्रश्नाला बदलीच्या बाईंनी खरे तेच उत्तर द्यावे. "सहा महिने येणार आहे. पण रोज येईन आणि रोज शिकवीन." मग त्याप्रमाणे वागावे. मुले शब्दापेक्षा दुसरा दिवस पाहतात. दुसऱ्या दिवशी घंटेच्या आधी बाई फळ्यापाशी उभ्या दिसल्या, की मागच्या बाकावरची शिट्टी हळूहळू थांबते.