ओव्हरक्लॉकिंगसाठी स्वस्तातला कूलर घेताय?

एप्रिल-मेमध्ये आपल्या कोल्हापुरात पारा ३८ अंशांच्या आसपास जातो. हवेवरचा कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊच शकत नाही, त्यामुळे एसीत घेतलेल्या चाचण्यांचे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे मिळणार नाहीत. रायझन ५ ५६००ची मर्यादा ९० अंश. त्याला डीपकूल एजी४०० पुरेसा वाटतो मला. चार हीटपाइप, १२० मिमीचा पंखा. उंची मात्र १५० मिमी, आधी कॅबिनेट मोजा. ए५२० बोर्ड असेल तर थांबा, त्यावर ओव्हरक्लॉकिंग होतच नाही.

जुना कूलर सरळ उपसू नका! पीसी थोडा चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मग बंद करून कूलर हलकेच फिरवत काढा. नाहीतर प्रोसेसर सॉकेटमधून त्याच्यासोबतच वर येतो आणि पिना वाकतात. नवी पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी बास. आणि नव्या कूलरच्या तळाची प्लास्टिक फिल्म काढलीत ना?