जुन्या मोटारीचे पुनरुज्जीवन

१९६४ सालच्या ‘पाँटिॲक जीटीओ’ या अमेरिकन मोटारीचा बांधा मध्यम होता. पण तिचे एंजिन होते आठ सिलिंडरांचे आणि ३२५ अश्वशक्तीचे! अशा बलवान गाड्यांना अमेरिकेत ‘मसल कार’ म्हणतात. त्यांपैकी कित्येक पुढे शेतांवरील कोठारांत गंजत पडल्या. अशी गाडी थोड्या पैशांत पुन्हा चालती करावयाची, तर कामाचा क्रम चुकवून चालत नाही.

प्रथम सांगाडा आणि तळाचा पत्रा तपासतात. गंजाने पोखरलेला भाग कापून तेथे नवा पत्रा जोडतात. मग ब्रेकची पाळी येते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे नळ्या आतून गंजतात. त्या बदलाव्याच लागतात. एंजिन मात्र एकदम सुरू करीत नाहीत. सिलिंडरांत तेल सोडून ते हळूहळू हाताने फिरवून पाहतात. जुने पेट्रोल चिकट होऊन बारीक छिद्रे बुजविते, म्हणून टाकीही धुतात. पुष्कळ कामे मालक स्वतःच शिकून करतो. त्यामुळे मजुरी वाचते.

रंग सर्वांत शेवटी देतात. आधीच सारा पैसा रंगावर खर्चिला, तर गाडी झळकते खरी. पण वेळेवर थांबत नाही! रंगाखाली गंज झाकता येतो, थांबविता येत नाही.